मोबाइलमधील कागदपत्रे किंडलसारख्या बंदिस्त ई-कागदी यंत्रांवर नेण्याचे मार्ग

धागाकर्ता : शाईकागद

आपल्यापैकी पुष्कळांकडे आता वाचनासाठी किंडल किंवा तत्सम ई-कागदी यंत्र असते. वाचायची कागदपत्रे मात्र मोबाइलवर येऊन पडतात. शासन निर्णय, न्यायालयांचे निकाल, बालभारतीची पाठ्यपुस्तके, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने संकेतस्थळावर मोफत ठेवलेले ग्रंथ, एखाद्या स्नेह्याने अभिप्रायासाठी धाडलेले हस्तलिखित, असे सारे व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीतर ई-मेलने फोनवरच येते. दोनशे पानांची पीडीएफ फोनच्या चकाकत्या पडद्यावर वाचणे डोळ्यांना जड जाते, शेजारी ठेवलेल्या किंडलवर ती सुखाने वाचता आली असती, आणि तरीही दोन यंत्रांमधले ते हातभर अंतर ओलांडताना भल्याभल्यांची दमछाक होते. संगणक असलेल्यांसाठी याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. ज्यांच्या घरी संगणक नाही, किंवा असला तरी तो मुलांच्या अभ्यासात अडकलेला असतो, त्यांच्यासाठी हा धागा आहे. फक्त फोन आणि फक्त किंडल एवढ्यावर काय काय साधते, ते मला सविस्तर मांडायचे आहे.

पहिली गोष्ट ब्लूटूथची, कारण हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. अलीकडच्या किंडलमध्ये ब्लूटूथ असते, पण ते हेडफोन किंवा स्पीकर जोडून ऐकण्यापुरते. फोनवरून ब्लूटूथने फाइल धाडली तर ती स्वीकारण्याची सोयच त्या यंत्रात ठेवलेली नाही. दोन अँड्रॉइड यंत्रे एकमेकांना जशी जवळच्या जवळ फाइल देतात, तसा प्रकारही येथे नाही.

किंडल बनवणाऱ्या अ‍ॅमेझॉन कंपनीने दिलेला राजमार्ग म्हणजे 'सेंड टू किंडल'. फोनवर किंडलचे अ‍ॅप असेल, तर कोणतीही फाइल उघडून 'शेअर'चे चिन्ह दाबावे आणि यादीतून किंडल निवडावे. दुसरी वाट ई-मेलची. प्रत्येक किंडलला स्वतःचा ई-मेल पत्ता असतो, तो यंत्राच्या सेटिंगमध्ये किंवा अ‍ॅमेझॉनच्या खात्यात सापडतो, आणि त्या पत्त्यावर जोडपत्र म्हणून पाठवलेली फाइल वायफाय मिळताच यंत्रावर उतरते. मात्र ज्या ई-मेलवरून आपण पाठवणार, तो पत्ता खात्यातील मान्यताप्राप्त यादीत आधी नोंदवलेला हवा. त्यावरही कधी कधी 'ही फाइल तुम्हीच पाठवली का' असे विचारणारे पत्र उलट टपाली येते, आणि त्याला ४८ तासांत होकार दिला नाही तर फाइल पुढे सरकत नाही. 'मी पाठवले पण आले नाही' अशा तक्रारींपैकी पुष्कळशा या दोन कारणांपाशी येऊन थांबतात.

उरलेल्या तक्रारींचे कारण बहुधा फाइलच्या आकारात असते. ई-मेलने पाठवायच्या फाइलींची मर्यादा ५० एमबी आहे, पण जीमेलची स्वतःची मर्यादा २५ एमबी आहे, आणि त्याहून मोठी फाइल जोडली की जीमेल ती ड्राइव्हवर ठेवून पत्रात नुसता दुवा घालते. किंडलच्या पत्त्यावर दुवा पोचतो, फाइल पोचत नाही. आपल्याकडच्या स्कॅन केलेल्या जुन्या ग्रंथांच्या पीडीएफ या मर्यादेपलीकडे सहज जातात. अशा वेळी फोनच्या ब्राउझरमध्ये अ‍ॅमेझॉनचे सेंड टू किंडल हे पान उघडून तेथे फाइल चढवावी. तेथे २०० एमबीपर्यंतची फाइल चालते.

या राजमार्गाने पीडीएफ, ईपब (ई-पुस्तकांचा सर्वत्र चालणारा प्रकार), डॉक, डॉक्स, टीएक्सटी, आरटीएफ, एचटीएमएल आणि नेहमीच्या प्रकारची चित्रे जातात. ईपब २०२२ पासून जाऊ लागले. उलट ज्या मोबी प्रकारात आपल्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे पुस्तके साठवली, तो पाठवणे २०२३ च्या अखेरीस बंद झाले.

येथेच माझा मुख्य मुद्दा येतो. हा रस्ता सोयीचा आहे, पण तो पूर्णपणे दुसऱ्याच्या आवारातून जातो. फाइल फोनमधून निघते, कंपनीच्या सर्व्हरवर पोचते, तेथे रूपांतरित होते, तेथेच तिची प्रत साठवली जाते आणि मग किंडलवर उतरते. किंडलवरून फाइल काढून टाकली, तरी मेघसाठ्यातली प्रत राहते. ती खात्यात जाऊन वेगळी काढावी लागते. खात्यातील वैयक्तिक दस्तऐवजांच्या सेटिंगमध्ये हा साठा बंदही करता येतो, पण तो मुळात चालू असतो हे बहुतेकांना ठाऊक नसते. बालभारतीचे पुस्तक असे गेले तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु आजारपणाचे अहवाल, मृत्युपत्राचा मसुदा, पक्षकाराने विश्वासाने सोपवलेले कागद, एखाद्या लेखकाची अप्रकाशित कादंबरी किंवा परीक्षेपूर्वीची प्रश्नपत्रिका यांच्या बाबतीत मी हा रस्ता घेणार नाही, आणि कोणी घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

दुसरा विचार कायमपणाचा. सर्व्हरमार्गे जाणाऱ्या सोयी देणारा केव्हाही काढून घेऊ शकतो, आणि हे वेळोवेळी घडलेले आहे. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेल्या काही पुस्तकांच्या प्रती वाचकांच्या यंत्रांवरून दुरूनच काढून टाकल्या होत्या, आणि पुढे कंपनीच्या प्रमुखांना त्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली. २२ मार्च २०१६ पर्यंत सॉफ्टवेअर अद्ययावत न केलेल्या जुन्या किंडलची सेवांशी जोडणी तुटली, आणि त्यानंतर ती दुरुस्ती करायला शेवटी यूएसबी केबलच कामी आली. विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून केबलने किंडलवर नेण्याची सोय २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. आपल्या स्वतःच्या कागदपत्रांसाठी केबलची वाट आजही मोकळी आहे, आणि म्हणूनच ती प्रत्येकाला यायला हवी असा माझा आग्रह आहे.

अँड्रॉइड फोन आणि किंडल केबलने जोडण्यासाठी फोनमध्ये ओटीजीची, म्हणजे दुसरे यंत्र फोनला केबलने जोडून वापरण्याची, सोय हवी. गेल्या काही वर्षांतील बहुतेक फोनांत ती असते, काहींत सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. २०२१ च्या पेपरव्हाइटपासून किंडलला सी प्रकारचे तोंड आले, त्याआधीच्या यंत्रांना मायक्रो यूएसबी आहे, त्यामुळे आपल्या जोडीला साजेशी केबल किंवा ओटीजी जोड घ्यावी. नुसती चार्जिंगची स्वस्त केबल चालत नाही, तिच्यातून विदा (डेटा) वाहत नाही. जोडल्यावर जुन्या किंडलच्या पडद्यावर यूएसबी ड्राइव्ह मोडची सूचना दिसते आणि फोनच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये किंडल हे पेनड्राइव्हसारखे वेगळे उभे राहते. ते उघडून 'डॉक्युमेंट्स' नावाच्या फोल्डरमध्ये फाइल उतरवावी, मग फोनच्या सूचनापट्टीतून 'इजेक्ट' करावे आणि त्यानंतरच केबल काढावी. घाईने केबल ओढली तर फाइल अर्धवट लिहिली जाते आणि किंडल ती उघडत नाही.

या वाटेची एक अडचण आधीच सांगतो. केबलने टाकलेली फाइल किंडल आहे तशीच वाचते, रूपांतर करून देणारे मध्ये कोणी नसते. त्यामुळे पीडीएफ, टीएक्सटी, मोबी आणि किंडलचा स्वतःचा एझेडडब्ल्यू३ असे मोजकेच प्रकार चालतात. ईपब टाकले तर ते फोल्डरमध्ये राहते, पण पुस्तकांच्या यादीत दिसत नाही. टीएक्सटी फाइल देवनागरीत असेल, तर ती यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत जतन केलेली असावी, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात.

विकत घेतलेल्या पुस्तकांची कुलपे तोडणे हा या धाग्याचा विषय नाही. आपली स्वतःची, किंवा हक्काने आपल्याकडे आलेली कागदपत्रे एवढ्यापुरतीच चर्चा ठेवावी, ही विनंती. इतर यंत्रे वापरणाऱ्यांनी आणि देवनागरीच्या अडचणींवर काम केलेल्यांनी अवश्य लिहावे.

---

सांजवेळ

लेख फार उपयुक्त आहे. माझ्याकडे आयफोन आणि २०२४ मध्ये आलेला नवा पेपरव्हाइट आहे. दोन्हींना सी प्रकारचे तोंड असल्यामुळे एकाच केबलने काम होईल असे मला वाटले होते, पण फाइल्स अ‍ॅपमध्ये किंडल दिसतच नाही. किंडल चार्ज होत असल्याचे मात्र दिसते. केबल बदलून पाहिली, तरी फरक पडला नाही. याचे कारण कोणी समजावून सांगेल का?

---

तारजोड

सांजवेळ, तुमची केबल ठीक आहे. अडचण दोन यंत्रे एकमेकांशी ज्या पद्धतीने बोलतात तिच्यात आहे.

जुनी किंडल यंत्रे केबल लागली की आपला साठा सरळ पेनड्राइव्हसारखा समोरच्याच्या हवाली करतात. त्यातील मांडणी फॅट३२ या सर्वमान्य पद्धतीची असते, त्यामुळे संगणक, अँड्रॉइड फोन, आणि आयओएस १३ पासून पुढे आयफोनसुद्धा तो साठा वाचू शकतात. लायटनिंग तोंडाच्या आयफोनला त्यासाठी वेगळा जोड लागतो, आणि जोडलेले यंत्र जास्त वीज ओढत असल्याची सूचना येऊन जोडणी नाकारली जाण्याची शक्यताही असते.

किंडल स्क्राइब आणि २०२४ ची नवी यंत्रे यांनी ही पद्धत सोडली आणि एमटीपी ही पद्धत घेतली. या पद्धतीत साठा यंत्राच्याच ताब्यात राहतो आणि समोरच्याने प्रत्येक फाइल मागून घ्यायची किंवा देऊ करायची असते. अँड्रॉइड फोन संगणकाला जोडल्यावर जे होते, तेच येथे होते. विंडोजला ही भाषा मुळातच येते. मॅकला येत नाही, तेथे वेगळे सॉफ्टवेअर घालावे लागते. आयफोनच्या फाइल्स अ‍ॅपलाही ती येत नाही. म्हणून तुमच्या जोडीसाठी केबलची वाट सध्या बंद आहे असेच समजावे आणि किंडल अ‍ॅपमधून शेअर करण्याचा मार्ग घ्यावा. घरात कोणाचा अँड्रॉइड फोन असेल तर तो जोडून पाहा. अँड्रॉइड ७ पासून मूळ प्रणालीतच एमटीपी यंत्रे वाचण्याची सोय आहे आणि किंडल फाइल्स अ‍ॅपमध्ये डाव्या बाजूच्या यादीत दिसू शकते. काही कंपन्या स्वतःचे वेगळे फाइल अ‍ॅप देतात आणि त्यात ते दिसत नाही, अशा वेळी गूगलचे फाइल्स अ‍ॅप घालून बघावे.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला मी पुस्ती जोडतो. नवे यंत्र घेताना पडद्याचा आकार, दिव्याची उब, बॅटरी हे सारे आपण विचारतो, पण 'माझ्या फोनला केबलने जोडल्यावर हे कसे दिसेल' हे दुकानात कोणी विचारत नाही. घरात संगणक नसलेल्याने तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा.

---

मुद्रितपान

फाइल पोचवणे हा अर्धा भाग झाला. पोचलेली मराठी फाइल वाचता येण्याजोगी असणे हा उरलेला अर्धा भाग, आणि माझा निम्मा दिवस मराठी पीडीएफ हाताळण्यात जात असल्यामुळे त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

ई-मेलने पीडीएफ पाठवताना विषयाच्या जागी 'कन्व्हर्ट' हा शब्द इंग्रजीत लिहिला, तर किंडलची सेवा त्या पीडीएफमधला मजकूर काढून त्याचे अक्षर लहानमोठे करता येईल असे पुस्तक बनवते. इंग्रजी मजकुराला हे पुष्कळदा जमते. मराठी मजकुराची मात्र दैना होते. पीडीएफ ही मुळात छापील पानाची आज्ञावली आहे. कोणते चिन्ह पानावर कोठे उमटवायचे एवढेच तिला माहीत असते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि कागदावर व्यंजनाच्या आधी उमटते. पीडीएफमधून मजकूर उपसताना डावीकडून उजवीकडे चिन्हे गोळा होतात आणि 'किती'चे 'िकती' होते, 'स्थिती'चे 'िस्थती' होते, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि जोडाक्षरांच्या जागी कधी कधी मोकळी जागाच उरते. पहिल्या ओळीतच मन विटते.

श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीने जुळवलेल्या पीडीएफची गोष्ट याहून वाईट आहे. तेथे देवनागरी दिसणारे प्रत्येक चिन्ह आतून रोमन अक्षराच्या किंवा विरामचिन्हाच्या क्रमांकावर बसवलेले असते. मूळ फॉन्ट सोबत असेपर्यंत पान सुंदर दिसते, आणि मजकूर वेगळा काढला की निव्वळ अगम्य चिन्हांची माळ हाती येते. आपल्याकडची दहापंधरा वर्षांपूर्वीची कितीतरी प्रकाशने अशीच आहेत.

त्यामुळे माझा स्पष्ट सल्ला असा, की मराठी पीडीएफचे रूपांतर करू नये. ती पीडीएफ म्हणूनच पाठवावी, कारण तिच्यात फॉन्ट अंतर्भूत असतो आणि पान जसे जुळवले तसेच दिसते. राहतो प्रश्न अक्षराच्या आकाराचा, आणि येथे थोडा हिशेब करावा लागतो. सहा इंची किंडलचा पडदा साधारण ९१ मिमी रुंद आणि १२२ मिमी उंच असतो. ए४ कागद २१० मिमी रुंद. पूर्ण पान पडद्यावर बसवले की सगळे ४० टक्क्यांच्या आसपास येते आणि १२ पॉइंटचे अक्षर पाच पॉइंटांपर्यंत खाली उतरते. देवनागरीत वर वेलांट्या, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे; पाच पॉइंटला 'द्ध' आणि 'ध्द' यांतला फरक दिसत नाही. आता दोन्ही बाजूंचे कोरे समास कापून पानाची रुंदी १६० मिमी केली, तर तेच अक्षर सात पॉइंटांच्या जवळ येते. त्यावर पडदा आडवा करून वाचले, तर ते नऊ पॉइंटांच्या पुढे जाते, आणि एवढ्यावर वृत्तपत्र वाचणारा माणूस बिनतक्रार वाचू शकतो. समास कापणे फोनवरच्या साध्या पीडीएफ अ‍ॅपमध्ये होते. पाठवण्याआधी ही दोन मिनिटे द्यावीत.

मजकूर आपल्या हातात असेल, म्हणजे स्नेह्याचे हस्तलिखित डॉक्समध्ये आलेले असेल, तर गोष्ट फारच सोपी होते. सर्व्हरमार्गे चालणार असेल तर डॉक्सच पाठवावे. युनिकोड मजकूर असल्यास वेलांट्या जागच्या जागी राहतात आणि किंडलवरील देवनागरी फॉन्टमध्ये अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. केबलने न्यायचे असेल, तर फोनवरच्या वर्ड किंवा गूगल डॉक्समध्ये पानाचा आकार ए५ करावा, समास अगदी कमी ठेवावेत, अक्षर १८ पॉइंटचे करावे आणि मग पीडीएफ काढावी. सहा इंची पडद्यावर ते साधारण साडेदहा पॉइंटचे दिसते.

---

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहतो आणि आईवडील सांगलीत. धागाकर्त्यांचा गोपनीयतेचा मुद्दा मला पूर्ण पटतो, पण सर्व्हरच्या मार्गाची एक जमेची बाजू येथे नोंदवली जावी असे वाटते. वडिलांच्या किंडलचा ई-मेल पत्ता माझ्याकडे आहे आणि त्यांच्या खात्यातील मान्यताप्राप्त यादीत माझा पत्ता आम्ही नोंदवून ठेवला आहे. त्यामुळे मी येथे रात्री एखादा लेख किंवा मोफत मिळणारे ई-पुस्तक पाठवले, की तिकडे सकाळी त्यांच्या यंत्रावर ते उतरलेले असते. वडिलांना सत्तरीनंतर केबल, फोल्डर आणि इजेक्ट हे शिकवणे शक्य झाले असते, पण नजर अधू झाल्यामुळे फोनच्या पडद्यावरची बारीक चिन्हे शोधणे हाच त्यांना त्रास आहे. दूर राहणाऱ्या मुलांना हा मार्ग म्हणजे मोठा आधार आहे.

दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. यादीत आपला पत्ता नोंदवण्याचे काम प्रत्यक्ष घरी असतानाच उरकावे, कारण ते खात्यात शिरूनच करावे लागते आणि दूरध्वनीवरून ते सांगणे फार कठीण जाते. दुसरे म्हणजे फाइलचे नाव पाठवण्यापूर्वी बदलावे. व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या फाइलचे नाव डॉक, तारीख आणि डब्ल्यूएचे क्रमांक अशा धाटणीचे असते, आणि तशा नावांच्या फाइली किंडलवर साचल्या की कोणती कशाची हे वडिलांना उघडल्याशिवाय कळत नसे. आता मी मराठीत, विषयाचा पहिला शब्द आधी येईल असे नाव देतो.

---

शाईकागद (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मुद्रितपान यांनी पॉइंटांचा हिशेब मांडून या धाग्याला खरी किंमत आणली आहे.

दूरदेशी, आपला मुद्दा रास्त आहे आणि मी तो डावलत नाही. सर्व्हरचा मार्ग वाईट आहे असे मला म्हणायचे नव्हते. कोणता कागद कोणत्या मार्गाने न्यायचा हे आपण ठरवावे, सोयीच्या ओघात ते परस्पर ठरू नये, एवढाच माझा आग्रह आहे. तुमच्या वडिलांना जाणारा लेख आणि माझ्याकडे येणारे एखाद्याचे वैद्यकीय कागद यांची जातकुळी वेगळी आहे.

वायफायविषयी एक बाब लिहायची राहून गेली होती. ज्या घरात ब्रॉडबँड नाही, तेथे फोनच्याच हॉटस्पॉटवर किंडल जोडावे लागते. जुनी किंडल यंत्रे केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओळखतात, आणि आजचे काही फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर चालू करतात. मग फोन शेजारी असूनही किंडलच्या यादीत त्याचे नाव येत नाही आणि माणूस यंत्र बिघडले असे समजतो. अँड्रॉइड फोनमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये पट्टा २.४ करावा, आयफोनमध्ये त्याच जागी 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' नावाचे बटण आहे, ते चालू करावे.

---

टिपणवही

किंडलखेरीज अन्य यंत्रांविषयी विचारले आहे, म्हणून लिहितो. मी टिपणे काढण्यासाठी ई-कागदी वह्या बरीच वर्षे वापरत आलो आहे.

कोबो हे यंत्र या बाबतीत सर्वांत मोकळे आहे. केबल लावली की पडद्यावर 'कनेक्ट' करायचे का असा प्रश्न येतो, त्याला होकार दिला की ते पेनड्राइव्हसारखे फोनमध्ये दिसते, आणि ईपब कोणत्याही रूपांतराशिवाय सरळ वाचले जाते. केबल काढून घेतल्यावर ते नव्या फाइली स्वतःच यादीत घेते. मुळातल्या साठ्यात 'फॉन्ट्स' नावाचे फोल्डर करून त्यात आपल्या आवडीचा देवनागरी फॉन्ट टाकता येतो. काही मोठ्या कोबो यंत्रांत ड्रॉपबॉक्सची थेट जोडणी आहे, म्हणजे फोनवरून ड्रॉपबॉक्समध्ये टाकलेली फाइल तेथे उघडते.

नॉर्वेच्या रिमार्केबलवर केवळ पीडीएफ आणि ईपब चालतात. फोनवरून धाडायला त्यांचे अ‍ॅप आहे, पण तेही मेघसाठ्यामार्गेच. वर्गणी न भरणाऱ्याने ५० दिवस न उघडलेल्या फाइली मेघाशी जुळवल्या जात नाहीत, हे घेताना लक्षात ठेवावे. केबलने जोडल्यावर मात्र हे यंत्र स्वतःच एक छोटे संकेतस्थळ बनते, आणि संगणकाच्या ब्राउझरमध्ये १०.११.९९.१ हा पत्ता टाकला की त्या पानावर फाइल सोडता येते. इंटरनेट मुळीच लागत नाही. ही सोय सेटिंगमधील साठ्याच्या विभागात चालू करावी लागते.

धागाकर्त्यांना जे हवे आहे, ते मला सर्वांत नीट सापडले ते सुपरनोटमध्ये. फोन आणि वही एकाच वायफायवर असतील, तर वहीतील 'ब्राउझ अँड अ‍ॅक्सेस' ही सोय चालू करायची, वही एक पत्ता दाखवते, तो फोनच्या ब्राउझरमध्ये टाकायचा, आणि समोर वहीची सारी फोल्डरे उघडतात. फाइल चढवता येते, उतरवताही येते. ती घराच्या वायफायबाहेर जात नाही, खाते लागत नाही, केबलही लागत नाही. बूक्सच्या यंत्रांतही बूक्सड्रॉप नावाने अशीच सोय आहे. शिवाय ती अँड्रॉइडवर चालत असल्याने त्यांना बंदिस्त म्हणता येणार नाही. दोन लहान कंपन्यांना जे जमते, ते मोठ्या कंपनीला जमू नये असे तांत्रिक कारण मला दिसत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला सोनीची डिजिटल पेपर मालिका होती. पहिल्या डीपीटी-एस१ मध्ये मेमरी कार्डाची खाच होती. २०१७ च्या डीपीटी-आरपी१ मध्ये ती गेली, पेनड्राइव्हसारखे दिसणेही गेले, आणि फाइल नेण्याआणण्यासाठी सोनीच्याच अ‍ॅपवर अवलंबून राहावे लागले. १३.३ इंची पडदा, ए४ पान जवळजवळ मूळ आकारात, कागदासारखे हलके, असे ते अप्रतिम यंत्र. पुढे सोनीने मालिका थांबवली. काही स्वतंत्र आज्ञावलीकारांनी त्या यंत्राची वायफायवरची बोली उलगडून मुक्त साधने लिहिली, म्हणून ती यंत्रे आजही अनेकांच्या उपयोगी पडतात. यंत्र निवडताना ज्यांना दहा वर्षांचा विचार करायचा आहे, त्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

---

वाचनखूण

सगळी चर्चा फोनवरून यंत्राकडे जाण्याची झाली. मला उलट दिशेची अडचण आहे. मी प्रबंधासाठी मराठी पीडीएफ किंडलवर वाचते आणि महत्त्वाची वाक्ये अधोरेखित करते. ती अधोरेखिते फोनवर परत कशी आणावीत? किंडलच्या संकेतस्थळावरील टिपणांच्या पानावर विकत घेतलेल्या पुस्तकांचीच टिपणे दिसतात, माझ्या पीडीएफची दिसत नाहीत.

---

मुद्रितपान

वाचनखूण, किंडलच्या 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्येच 'माय क्लिपिंग्ज' नावाची एक टीएक्सटी फाइल असते. आपण केलेले प्रत्येक अधोरेखन, टिपण आणि खूण त्यात पुस्तकाचे नाव, जागा आणि वेळ यांसह एकाखाली एक नोंदवली जाते. वर सांगितल्याप्रमाणे फोनला केबल लावून ती फाइल फोनमध्ये उतरवून घ्यावी. अधोरेखन नंतर पुसले, तरी या फाइलमधील नोंद राहते, त्यामुळे एकाच वाक्याच्या दोन तीन नोंदी दिसल्या तर गोंधळू नये.

पण मी आधी लिहिलेला दोष येथेही आडवा येतो. पीडीएफमधला मजकूर आतून विस्कटलेला असेल, तर पानावर वाक्य शुद्ध दिसते आणि क्लिपिंग्जमध्ये मात्र 'िस्थती' अशीच नोंद होते. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मजकूर नसून चित्र असते, तेथे शब्द निवडलाच जात नाही. प्रबंधाचे काम असल्यामुळे आपण वाचायला सुरुवात करण्यापूर्वी फोनवरच एक चाचणी करावी. पीडीएफमधली एक ओळ निवडून ती कोठेही चिकटवून पाहावी. ओळ जशीच्या तशी आली, तर ती फाइल किंडलवर निर्धास्तपणे अधोरेखित करावी. तुटकी आली, तर अधोरेखनाच्या भरीस न पडता टिपणात पानाचा क्रमांक आणि वाक्याचे पहिले दोन शब्द स्वतः टंकावेत, म्हणजे परत आल्यावर मूळ फाइलमध्ये ती जागा लगेच सापडते.

---

वाचनखूण

माझ्या फाइलींवर चाचणी करून पाहिली. विद्यापीठाच्या अलीकडच्या प्रकाशनांतील ओळी बऱ्याचशा नीट येतात, जुन्या अंकांतील मात्र सगळ्या अगम्य चिन्हांत येतात. क्लिपिंग्जची फाइलही फोनमध्ये उतरली आणि त्यात देवनागरी व्यवस्थित वाचता येते. जुन्या अंकांसाठी आता पानक्रमांकाचीच पद्धत ठेवते. आपणा सर्वांचे आभार.